जुनं होस्टेल पाडायचं की राखायचं?

बेड नंबर ३२:
शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नागपूरच्या सिव्हिल लाईन्सच्या बाजूची, इंग्रजांच्या काळातली, निवासी. मागच्या आठवड्यात संस्थेचं पत्र आम्हा माजी विद्यार्थ्यांना आलं. दुमजली जुनं होस्टेल आणि त्याला लागलेली मेस दिवाळीच्या सुट्टीत पाडणार, त्या जागी पाच मजली इमारत उभी करणार, वर्गणी पाठवा. कारण एका ओळीचं: इमारत धोकादायक आहे. तपासणी कोणी केली, त्यात काय निघालं, याबद्दल अक्षर नाही.

मी गोंदियाहून पाचवीत आलो आणि दहावीपर्यंत त्या वरच्या हॉलमध्ये झोपलो. दीड हात जाड भिंती, वर इंग्लिश कवेलू (कौलं), त्याखाली सागवानी फाटे (छताची लाकडं), चारही बाजूंनी वऱ्हांडा, छताजवळ झरोके. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, बाहेर ४५-४६ डिग्री असायचं तेव्हा आम्ही दुपारी उघड्या पाठीने फरशीवर पडायचो आणि झोप लागायची. कूलर नव्हताच. लाकडी जिन्याच्या पायऱ्या मधोमध इतक्या झिजल्या होत्या की अंधारातही पाय बरोबर खोलगट जागी पडायचा.

परवा जाऊन आलो. वर्षभरापासून कुलूप आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात आठ-दहा कवेलू सरकलेत, तिथलं पाणी सरळ भिंतीच्या माथ्यावर पडतं. खालच्या खोल्यांना मधल्या काळात कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारलाय. हाताने ठोकला तर पोकळ वाजतो. एक पोपडा आपसूक निघाला, आतली वीट बोटाने उकरली जाते, लाल भुकटी हातात येते. दोन पावलांवर जुना चुन्याचा गिलावा शिल्लक आहे, त्यावर किल्ली घासली तर नुसती रेघ उमटली.

आधी कुलूप लावायचं, चार महिने पाऊस आत घ्यायचा आणि मग धोकादायक म्हणून पाडायचं, हे मला मान्य नाही. दुरुस्त करा, आणि वापरा.

यवतमाळची आई:
दादा, माझा मुलगा आज अशाच एका जुन्या होस्टेलात राहतो. तुम्हाला तिथली झोप आठवते, माझी झोप उडते. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या सरकारी शाळेचं छत पडलं, ७ लेकरं गेली. २००४ मध्ये कुंभकोणमला शाळेला आग लागली. गवती छप्पर, अरुंद जिना, ९४ मुलं. तुमच्या त्या लाकडी जिन्याशिवाय वर जायला दुसरी वाट आहे का? नसेल तर झिजलेल्या पायऱ्यांचं कौतुक मला नका सांगू. मुलं तिथे झोपतात, तुमच्या आठवणी नाही.

बर्डीवाला:
ताईंशी सहमत. मी बांधकामातला माणूस आहे. चुन्याचं काम करणारे मिस्त्री आता बोटावर मोजण्याइतके, चुना दळायची घाणी कोणाकडे राहिली नाही, चुना मुरवायलाच किती दिवस जातात. संस्थेला जूनमध्ये मुलं घ्यायची असतात. आणि जुन्या होस्टेलात संडास-बाथरूमचं काय? रात्री दोन वाजता नऊ वर्षांच्या पोराने खाली उतरून मागच्या अंगणात जायचं? आम्ही गेलो म्हणून त्यानेही जावं हे काही बरोबर नाही. सगळे भावनेत बोलून राहिले, पण मेंटेनन्सचे पैसे कोण देऊन राहिलं ते सांगा.

चुना-माती:
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी अठरा वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

३२ नंबरने जे पाहिलं त्याचं कारण साधं आहे. विटा आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट चढवलं की ओल बाहेर पडायची वाट बंद होते, पाणी आत साठतं, क्षार विटेच्या तोंडाशी येऊन जमतात आणि वीट पिठासारखी सुटते. आजार भिंतीला आपण दिलेला आहे. उपाय म्हणजे तो सिमेंट गिलावा उतरवायचा, भिंत पूर्ण सुकू द्यायची, सुटलेल्या विटा बदलायच्या आणि परत चुना-सुरकीचाच (सुरकी म्हणजे विटांची भुकटी) गिलावा करायचा. घाईचं काम नाही हे, बर्डीवाल्यांचं तेवढं खरं आहे. एक उन्हाळा हवाच.

छताचं म्हणाल, तर सागवानी फाटा मधोमध क्वचितच खराब होतो. सडतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण ओल आणि उधई (वाळवी) दोन्ही तिथूनच चढतात. जाड सुई टोचून बघितलं की कळतं. टोक कापून नवीन सागवान सांधता येतं, अख्खं छत उतरवावं लागत नाही.

यवतमाळच्या ताई, जिन्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. दुसरा जिना नसेल तर वर एकही मूल झोपवू नये. पण वऱ्हांड्याच्या बाहेरून लोखंडी जिना देता येतो, आणि मागच्या बाजूला दोन्ही मजल्यांना जोडून संडास-बाथरूमचा वेगळा ब्लॉक बांधता येतो. मूळ भिंतीला धक्का लागत नाही.

आणि जुनी म्हणून मोडकळीस आली असं म्हणणाऱ्यांनी आपलंच शहर बघावं. अजब बंगला, म्हणजे आपलं म्युझियम, १८६३ चा, रेल्वे स्टेशनची इमारत १९२५ ची, हायकोर्ट १९४० चं. रोज माणसं आत-बाहेर करतात.

बर्डीवाला:
मॅडम, हायकोर्टाला सरकारी तिजोरी आहे, स्टेशनला रेल्वे. शाळा फीवर चालते. तुम्ही सांगितलेलं सगळं करायचं तर फी वाढेल आणि यवतमाळच्या ताईंनाच ती भरावी लागेल. शिवाय ३० वर्षांहून जुन्या इमारतीची स्ट्रक्चरल तपासणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. उद्या काही झालं तर पोलिस संस्थेच्या सचिवाला नेतील, तुम्हाला-मला नाही.

बेड नंबर ३२:
तोच तर माझा मुद्दा आहे भाऊ. तपासणी झाली असेल तर अहवाल दाखवा. चुना कळणाऱ्या इंजिनिअरने ती केली असेल आणि तो म्हणाला असेल की पाया खचलाय, तर मी पहिली वर्गणी देतो. पण पत्रासोबत नव्या इमारतीचं रंगीत चित्र आहे आणि अहवाल नाही.

ताई, तुमचं वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. दुसरा जिना नाही. आमच्या वेळी एका हॉलमध्ये चाळीस जण झोपायचो आणि दाराला बाहेरून कडी लावत. हे मी आजवर कोणाला सांगितलंही नव्हतं, कारण त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मुलं नव्या इमारतीत झोपू द्या, माझी हरकत नाही. कॅम्पसवर मोकळी जागा पुष्कळ आहे, मैदानाच्या पश्चिमेला बांधा. जुन्यात खाली वाचनालय आणि संगीताचे वर्ग करा.

गोंदिया पॅसेंजर:
महापालिकेच्या वारसा यादीत ही इमारत आहे का, ते कोणी पाहिलं? यादीत ग्रेड १, २, ३ असतात. कस्तुरचंद पार्क ग्रेड १ मध्ये आहे. यादीतल्या वास्तूला हात लावायला हेरिटेज समितीची परवानगी लागते. एम्प्रेस मिल टाटांनी १८७७ ला सुरू केली, सगळ्या नागपूरला माहीत होती, आज त्या जागी मॉल आहे. आधी यादी बघा, मग भांडा.

पाचपावलीकर:
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. वारसा म्हटलं की आपल्याला कमानी आणि कवेलूच का दिसतात? याच नागपुरात जाईबाई चौधरी नागपूर-कामठी ओझी वाहायच्या. मिशनच्या शाळेत शिकवायला लागल्या, तर जात कळल्यावर पालकांनी मुलं काढून घेतली आणि नोकरी गेली. त्यांनी १९२२ साली मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. किती जणांनी ती जागा पाहिली आहे? माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगच्या भटारखान्यात पाणी भरायचे. हॉलमध्ये त्यांना मज्जाव होता. तुमचं होस्टेल राहावं की जावं यावर मी भांडणार नाही, पण त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणायला मला सांगू नका.

चुना-माती:
राग कसला. मला कामावर बोलावतात ते मुख्य इमारतीसाठी. मागची कोठी, नोकरांच्या खोल्या मोजमापाच्या नकाशात बहुतेक वेळा नसतातच, आणि सगळ्यात आधी त्याच जातात.

यवतमाळची आई:
मैदानाच्या बाजूला नवं होस्टेल बांधणार असाल आणि बाहेरची कडी कायमची जाणार असेल, तर जुन्यात वाचनालय करा. माझं काही म्हणणं नाही. पण नवं आधी.

बेड नंबर ३२:
मान्य, नवं आधी. संस्थेला आज पत्र टाकतोय: तपासणीचा अहवाल द्या, आणि तोवर निदान त्या आठ-दहा कवेलूंवर ताडपत्री टाका. खर्च मी करतो.

पाचपावलीकर भाऊ, मेसच्या मागे तीन खोल्या आहेत, पत्र्याच्या छपराच्या. स्वयंपाकी आणि पाणक्ये तिथे राहायचे. चुलीच्या धुराने भिंत अजून काळी आहे आणि एका दाराच्या चौकटीवर कोळशाने दुधाचा हिशेब लिहिलेला आहे. परवा मी शंभर फोटो काढले, त्यात या खोल्यांचा एकही नाही. रविवारी परत जातोय. तुम्ही येता का सोबत?

पाचपावलीकर:
किती वाजता?