विहिरीतल्या चुनखडकातून जुन्या समुद्राचा कार्बन मोजता येते का?

वणीचा_पोट्टा: कोरपन्याकडं मामाच्या वावरात विहीर खोदणं चालू हाय, राखाडी पट्ट्यापट्ट्याचा चुनखडक निघून राह्यला. सर म्हणतात हा पेनगंगा गटातला (आपल्या भागातल्या फार जुन्या खडकथरांचा गट), समुद्रात बसलेला, यातल्या कार्बनवरून तेव्हाच्या समुद्राचा हिशेब लागते. पण यात ना शंख ना शिंपला, मंग समुद्राचं उरलं काय? अन् काठावरचा तुकडा लॅबले दिला तर चालन का?

दगडफोड्या: भाऊ, शंख नसणारच, हा कवचवाले जीव यायच्या आधीचा दगड. पण चुन्यातला कार्बन समुद्राच्या पाण्यात विरघळलेलाच होता न. कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार (समस्थानिक) असतात: हलका कार्बन-12 जवळपास 99 टक्के, थोडा जड कार्बन-13 एकच टक्का. पाण्यातले सूक्ष्मजीव प्रकाशसंश्लेषणात हलका 12 जास्त ओढतात, मेल्यावर गाळात गाडले गेले का तो हलका माल त्यांच्यासंगं जाते, पाण्यात 13 चं प्रमाण वाढते अन् त्या पाण्यातून बसलेला चुना जड निघते. 13 अन् 12 चं हे गुणोत्तर एका ठरलेल्या प्रमाण नमुन्याशी ताडून दर हजारी किती फरक पडला तो आकडा सांगतात. म्हणून आकडा चढला का सेंद्रिय कार्बन जास्त गाडला जात होता असं धरतात, ऑक्सिजनचा संबंध इथंच येते, कारण गाडलेला माल सडून ऑक्सिजन खात नाही. समुद्री चुनखडक बहुतेक शून्याच्या आसपास राह्यते, पण 220 ते 206 कोटी वर्षांपूर्वीच्या लोमागुंडी घटनेत तो दर हजारी +10 च्याही वर गेला!

मीनल_अमरावती: बरोबर, पण दगडानं तो आकडा जपला का हे आधी पाहावं लागते, मले तर हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटते. पावसाचं पाणी मातीतला हलका कार्बन घेऊन झिरपते, चुना विरघळून पुन्हा बसते अन् आकडा खाली येते. ओमानच्या शुराम थरात उणे 12 पर्यंत गेला, तो समुद्राचा का नंतरच्या पाण्याचा यावर अजून वाद चालू हाय. म्हणून मँगनीज वाढलं, स्ट्रॉन्शियम घटलं का पाहतात (ही नंतरच्या पाण्यानं दगड बदलल्याची खूण), ऑक्सिजनचे समस्थानिकही मोजतात. काठावरचा तुकडा नको. पांढऱ्या शिरा सोडून बारीक दाण्याच्या जागेतून ड्रिलनं चिमूटभर भुकटी काढतात, फॉस्फोरिक आम्ल टाकून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (हलके-जड प्रकार वेगळे करून मोजणारं यंत्र) सोडतात.

वरोऱ्याचा_गणेश: आमच्या पिसदुऱ्याकडची लामेटा चुनखडी चालन का?

मीनल_अमरावती: नाही गणेशभाऊ, लामेटा जमिनीवर अन् गोड्या पाण्यात बसलेला, त्याच्यातून समुद्र नाही, तेव्हाची माती अन् हवामान कळते.

वणीचा_पोट्टा: मंग मी काय करू?

मीनल_अमरावती: खोदणं चालू हाय तवरच कामाले लाग. एका तुकड्यानं काहीच कळत नाही, खालून वर थराथराचे नमुने लागतात. प्रत्येकावर खोली अन् वरची बाजू मार्करनं लिही, वेगळ्या पिशवीत ठेव. ढिगात पडलेला दगड घेऊ नको, तो कोणत्या थरातला हे मंग कोणीच सांगू शकत नाही. अन् विहिरीत एकटा उतरू नको.