वाचनालयाच्या फळ्यावर न्यूयॉर्कचा कापूसभाव लिहावा काय?

प्रस्ताव : वाचनालयाचा कार्यवाह, आर्णी तालुका

आमच्या गावच्या वाचनालयात दारालगत एक काळा फळा आहे. त्यावर आजवर सुविचार आणि दिनविशेष लिहिले जात असत. या हंगामापासून तिथे रोज चार आकडे लिहावेत, असा प्रस्ताव मी मांडला आहे : न्यूयॉर्कच्या वायदे बाजारातील रुईचा (बिया काढलेल्या कापसाचा) भाव, डॉलरचा दर, सरकीचा (कापसाच्या बियांचा) भाव आणि आपल्या बाजार समितीतील कापसाचा भाव. यावरून गावात दोन तट पडले आहेत, म्हणून माझी बाजू येथे सविस्तर मांडतो.

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. ही माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले होते, आणि आपल्या कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा हा या माफीमागील हेतू होता. आमच्या पारावर मात्र या विषयाची चर्चा ‘सरकारने भाव पाडला’ या एका वाक्यापुढे गेली नाही. किती पाडला आणि कोणत्या वाटेने, हा हिशेब कोणी मांडला नाही. तो अवघड नाही, म्हणूनच मला त्याची हळहळ वाटते.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, गेला की साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, उरलेली घट असते. न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ६५ सेंट आणि डॉलर ८८ रुपयांचा धरला, तर एक किलो रुईचे सुमारे १२६ रुपये होतात आणि ३४ किलोंचे सुमारे ४,२९० रुपये. सरकी किलोला ३४ रुपये धरली तर तिचे २,१७६ रुपये. म्हणजे जिनिंगचा खर्च, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करण्यापूर्वीच क्विंटलमागे सुमारे ६,४६५ रुपये होतात. याच हिशेबात ११ टक्के शुल्क बसवून पाहिले, तर परदेशी रुई क्विंटलभर कापसामागे सुमारे ४७० रुपयांनी महाग पडते. शुल्काची भिंत हटली म्हणजे नेमके काय हटले, ते या ४७० रुपयांत दिसते. डॉलर एका रुपयाने वधारला तर याच क्विंटलमागे ४९ रुपयांचा फरक पडतो.

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिकडची रुई इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनाशी झाली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि तो भाव उतरला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठीच. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ आपला भाव समुद्रापलीकडे हलतो आहे, आणि तो कसा हलतो हे ज्याचा माल आहे त्यालाच माहीत नसावे, हे मला मान्य नाही.

उत्तर १ : कोरडवाहू कास्तकार, झरी जामणी तालुका

गुरुजी, आपला हिशेब बरोबर आहे आणि तरीही माझा या फळ्याला विरोध आहे. कारण सांगतो.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. मे २०२२ मध्ये रुईच्या एका खंडीचा, म्हणजे ३५६ किलोंचा, भाव एक लाख रुपयांच्या वर गेल्याची बातमी आमच्या गावात सर्वांच्या मोबाईलवर होती. पुढच्या हंगामात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, खेडा खरेदीवाल्याने, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याने, मला ८,९०० रुपये सांगितले. मी नाही म्हटले. जगात तेजी आहे, अमेरिकेच्या टेक्सास राज्यात दुष्काळ आहे, हे मी वाचलेले होते. मी २० क्विंटल कापूस मोजून मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरला. फेब्रुवारीत मुलांच्या अंगाला खाज सुटली, अंगभर पुरळ आले आणि त्यांना मामाकडे पाठवावे लागले. टेक्सासच्या दुष्काळाची बातमी खरी होती, पण महागाईने हैराण झालेल्या जगाने कपडे घेणे कमी केले होते, ही त्याच बातमीची दुसरी बाजू माझ्यापर्यंत पोहोचली नाही. मे महिन्यात तोच कापूस मी ७,२०० रुपयांनी विकला, आणि वाळून घटल्यामुळे तो २० क्विंटल भरलासुद्धा नाही.

ज्याला माल थांबवून ठेवता येतो, त्याच्याच हाती भावाची माहिती शस्त्र ठरते. ज्याच्या डोक्यावर पीक कर्ज आहे, कृषी केंद्राची उधारी आहे आणि घरात लग्न आहे, त्याच्यासाठी ती केवळ आशा असते. आपण फळ्यावर आशा लिहिणार आहात, आणि तिचे नुकसान भरून द्यायला वाचनालय येणार नाही.

उत्तर २ : महिला बचत गटाची सचिव, समुद्रपूर तालुका

झरीच्या दादांचा अनुभव आमच्याही गावात अनेकांनी घेतला आहे. परंतु त्यावरून मी निराळा निष्कर्ष काढते. दादांचे नुकसान न्यूयॉर्कच्या आकड्यामुळे झाले नाही, ते थांबण्याचा खर्च न मोजल्यामुळे झाले. वित्त या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट मला विचाराल तर ती डॉलर नाही, व्याज आहे, आणि व्याज म्हणजे वेळेची किंमत.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्रावर माल घातला तर पैसे काही दिवसांनी खात्यात येतात. खेडा खरेदीवाला दारात काटा लावतो आणि ६,९०० रुपये रोख हातावर ठेवतो. आमच्या गटातील एका ताईने याच भावाने दहा क्विंटल कापूस दिला, कारण वेचणीच्या बायांचा चुकारा आठवडी बाजाराच्या दिवशी द्यावाच लागतो. तिला गरज होती १५,००० रुपयांची. तिने सोडले १२,१०० रुपये. पैसे यायला तीन आठवडे लागतील असे धरले, तर हाती आलेल्या ६९,००० रुपयांवर तिने तीन आठवड्यांसाठी साडेसतरा टक्के व्याज दिले. आमच्या गटाकडून महिना दोन टक्क्यांनी १५,००० घेतले असते तर महिनाभराचे व्याज ३०० रुपये झाले असते. हा हिशेब मी तिच्यासमोर वहीवर मांडला तेव्हा ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिली. हा हिशेब तिला आधी सांगितला नाही याचे दुःख मला अजून आहे.

सोयाबीन आणि तुरीला तर सोयही आहे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज वर्षाला सहा टक्क्यांनी मिळते. ४,२०० रुपयांच्या सोयाबीनवर ३,१५० रुपये उचलले तर चार महिन्यांचे व्याज ६३ रुपये होते. तेच सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी घेतले तर ३७८ रुपये. चार महिन्यांत भाव किती वाढला तर थांबणे परवडते, हे या दोन आकड्यांवरून चौथी शिकलेली बाईसुद्धा सांगू शकते. म्हणून फळा हवा, पण त्याची पहिली ओळ व्याजाची असावी.

उत्तर ३ : जिनिंगमधील हिशेबनीस, हिंगणघाट

मी पंधरा वर्षे रुईचे हिशेब लिहितो आहे, आणि माझा विरोध न्यूयॉर्कच्या ओळीला आहे.

वायदा म्हणजे पुढील महिन्यातील मालाचा भाव आज ठरवण्याचा करार. त्यासाठी अनामत भरावी लागते आणि भाव विरुद्ध गेला की त्या त्या दिवशी फरक भरावा लागतो. न्यूयॉर्कचा वायदा तिकडच्या प्रतीच्या रुईचा आहे. त्या भावात आणि हिंगणघाटच्या यार्डातील भावात जे अंतर असते, ते ठरलेले नसते. पाऊस लांबला, कवडी (किडका कापूस) वाढली, सरकीच्या ढेपेला मागणी आली की ते बदलते. कधीकधी न्यूयॉर्क खाली येते आणि आमचा भाव चढतो. सोयाबीनचे तर देशातील वायदेच बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये इतर सहा शेतमालांसह थांबवले आणि पुढे ती बंदी वाढवत नेली. त्यामुळे त्या पिकाला असा दाखला मिळणेही अवघड झाले.

आता एक तुलना पाहा. न्यूयॉर्कचा भाव एका सेंटने हलला तर क्विंटलमागे ६६ रुपयांचा फरक पडतो. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्का कमी होतो, म्हणजे ८१ रुपये, आणि बारा टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. सकाळी दव असताना वेचलेला कापूस लगेच भरून आणला तर कास्तकार चार टक्के ओलाव्यापायी ३२४ रुपये यार्डात सोडून जातो. तेवढी तेजी यायला न्यूयॉर्क पाच सेंटने चढावे लागेल. ओलावा आपल्या अंगणात वाळवता येतो. फळ्यावर जागा थोडी असेल तर ती कशाला द्यावी, हे मंडळींनी ठरवावे.

प्रस्तावकाचे उत्तर : वाचनालयाचा कार्यवाह, आर्णी तालुका

ताईंची व्याजाची ओळ मी स्वीकारतो आणि ती पहिली असेल. हिशेबनीस साहेबांची ओलाव्याची ओळही घेतो. मी स्वतः ८१ रुपये आणि ६६ रुपये कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

परंतु न्यूयॉर्क आणि डॉलर पुसायला मी तयार नाही. ओलावा आपल्या अंगणातील गोष्ट आहे, शुल्क दिल्लीतील आहे. जी गोष्ट आपल्या हातात नाही तिचाच हिशेब नेमका ठेवावा लागतो, कारण तिच्याबद्दल आपल्याला मागणी करायची असते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानामुळे जगाचे भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत नेली. ब्राझील ती जिंकला, आणि २०१४ मध्ये झालेल्या समझोत्यात अमेरिकेने ३० कोटी डॉलर मोजले. नुकसान किती झाले, हे आकड्यांनिशी मांडता आले म्हणूनच हे घडले.

हमीभावाचेही तसेच आहे. वायदे बाजारात एक करार असतो, ज्यात थोडी रक्कम भरून ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क घेता येतो. बाजार चढला तर तो हक्क सोडून द्यायचा, पडला तर वापरायचा. हमीभाव हा तसाच हक्क आहे, आणि त्यासाठी कास्तकाराला रक्कम भरावी लागत नाही. मात्र वेळेत नोंदणी झाली नाही, केंद्र उशिरा उघडले, रांगेत गाडी चार दिवस उभी राहिली, तर तो हक्क कागदावर राहतो. बाजारभाव ६,४०० असताना ८,११० च्या हमीभावाने त्या हक्काची किंमत १,७१० रुपये असते, हे कळले तर माणूस नोंदणीची तारीख चुकवणार नाही.

रुपया घसरला की कापसाला बरे, असे माझ्या मांडणीतून वाटले असेल तर तेही दुरुस्त करतो. पोटॅश खत आपल्याकडे जवळजवळ सगळेच बाहेरून येते, डीएपी खताचा आणि खनिज तेलाचा मोठा वाटाही आयातीचा आहे. रुपया घसरला की तेही महागते, म्हणून ते ४९ रुपये जूनमध्ये दुसऱ्या दाराने परत जातात.

उत्तर ४ : कोरडवाहू कास्तकार, झरी जामणी तालुका

गुरुजी, ब्राझील हा देश होता, त्याच्याकडे वकील होते. आमच्याकडे मधली खोली आहे. माझा विरोध कायम आहे, पण फळा लागणारच असेल तर दोन अटी ठेवतो. त्यावर उद्याचा अंदाज कोणीही, अगदी आपणही, लिहू नये, आणि आजच्या भावाशेजारी मागील तीन वर्षांतील याच तारखेचा भाव असावा, म्हणजे आकडा चढतो तसा उतरतो हे नुसत्या डोळ्यांनी दिसेल. नोंदणीच्या शेवटच्या तारखेची ओळ मला मान्य आहे, ती मोठ्या अक्षरांत लिहावी.

फळ्याच्या तळाशी एक वीत जागा मोकळी ठेवावी. मे २०२३ मधील माझी काटापट्टी (वजनाची पावती) मी तिथे चिकटवायला आणून देतो. तिच्यावर १८ क्विंटल ४० किलो आणि ७,२०० रुपये लिहिलेले आहे.