मदत हवी आहे: गाड्यांच्या शोसाठी परीक्षणाचा तक्ता (रविवारच्या आत)

फियाटवाली_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. कुणाकडे परीक्षणाचा तयार तक्ता असेल तर लगेच द्या. गेल्या वर्षी जे झालं ते परत होऊ द्यायचं नाही, म्हणून या वेळी मी हट्टाने कमिटीत शिरलेय. रविवारी मीटिंग आहे. कागद समोर ठेवला नाही तर पुन्हा "बघून ठरवू" होणार, आणि "बघून ठरवू" म्हणजे जिची पॉलिश जास्त तिला कप. गुण कसे वाटायचे, परीक्षक किती ठेवायचे, भाषेचं काय करायचं, सगळं हवंय. कृपया अमेरिकेतले तक्ते चिकटवू नका, ते मी पाहिलेत.

उद्यमबाग_फिटर
कसला शो ते तरी सांगा की ताई. जुन्या गाड्यांचा, मॉडिफाय केलेल्यांचा, का सगळ्यांचा एकत्र? दुचाकी आहेत काय? गाड्या किती येतात? परीक्षक क्लबातलेच का बाहेरचे? आणि गेल्या वर्षी काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही.

जावा_निपाणी
तक्त्याच्या भानगडीत पडू नका. गेटवर प्रत्येकाला एक टोकन द्या, आवडेल त्या गाडीसमोरच्या डब्यात टाकू दे. संध्याकाळी मोजा, विषय संपला. आम्ही गणपतीच्या देखाव्यांना असंच करतो, कधी भांडण नाही.

उद्यमबाग_फिटर
@जावा, टोकन म्हणजे ज्याचं मित्रमंडळ मोठं त्याचा कप. शहापुरातला पोरगा अख्खी गल्ली घेऊन येणार. खानापूरहून एकटा आलेला माणूस काय करणार?

नियमवाचक
आधी कागदपत्रांचं बघा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेल्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शोमध्ये याच गाड्या घ्या, वादच राहणार नाहीत.

फियाटवाली_टिळकवाडी
@नियमवाचक, नोंदणी कशी करायची हे मी विचारलं नव्हतं. तुमचा नियम लावला तर मैदान ओस पडेल. आमची १९८४ची पद्मिनी बाहेर. मारुती ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली ती १९८३च्या डिसेंबरात, म्हणजे एकही ८०० आत नाही. या भागात लोकांनी जपलेल्या गाड्या याच तर आहेत.

@फिटर, बेळगावातला क्लब आहे, नाव लिहीत नाही. साठेक चारचाकी, तेवढ्याच दुचाकी. केए-२२ (बेळगाव) आणि केए-२३ (चिकोडी) जास्त, एमएच-०९ (कोल्हापूर) बऱ्याच, गोव्याहूनही येतात. परीक्षक तीन, तिघेही क्लबाचे, आणि त्यातल्या एकाची स्वतःची गाडी स्पर्धेत होती.

गेल्या वर्षीचं: निपाणीच्या एका काकांना लहानपणी पोलिओ झालेला. त्यांच्या मारुती ८००ला क्लच आणि ब्रेक हाताने चालवायची सोय आहे. बाकी गाडी शोरूममधून आणल्यासारखी. परीक्षकांनी "मूळ गाडीत बदल" म्हणून गुण कापले आणि ती तिसऱ्यावरून थेट खाली गेली. खानापूरची एक बाई स्वतःची जीप स्वतः चालवत आली, तर तिला "साहेब कुठायत?" विचारून इंजिनाचे सगळे प्रश्न तिच्या भाच्याला विचारले. तो बिचारा कॉलेजात आहे, त्याला काय माहीत. आणि प्रश्न सगळे इंग्रजीत. बैलहोंगलचा कन्नड मेकॅनिक गप्प उभा राहिला, आमच्याकडचा मराठी शेतकरीही गप्प उभा राहिला, आणि दोघांच्या तक्त्यावर "माहिती अपुरी" असा शेरा.

कोल्हापूर_क्लासिक
बाकीचं पटलं, पण "पॉलिश जास्त तिला कप" हे खटकलं. मी माझ्या अँबेसेडरवर दोन वर्षं आणि बरेच पैसे घातलेत. टिंकरिंग, रंग, क्रोम, सीटचं काम, सगळं. उद्या तुम्ही रंग उडालेल्या गाडीला "मूळ" म्हणून पहिला नंबर देणार असाल तर आम्ही एवढ्या लांबून यायचं कशाला? मेहनत आमचीही आहे.

उद्यमबाग_फिटर
मेहनत तुमची का तुमच्या पेंटरची? रागावू नका, खरंच विचारायलोय. तुमच्या गाडीवर टूके पेंट (आजचा, हार्डनर मिसळून मारायचा रंग) असणार, वर क्लिअर कोट. अँबेसेडर कारखान्यातून असली काचेसारखी कधी बाहेर पडली होती काय? परीक्षकाला हे कळत नसेल तर कप दुकानातल्या रंगाला मिळतो, गाडीला नाही.

कोल्हापूर_क्लासिक
पेंटरला पैसे दिले म्हणजे मी काही केलं नाही? मडगार्डसाठी मी पुण्याचा जुना बाजार पालथा घातलाय. आणि जुन्या पद्धतीचा लॅकर रंग आज कोण मारून देतो? तुम्ही मारता का?

उद्यमबाग_फिटर
मारतो. कुणी आणून दिला तर.

डॉलरवाला_मूळगाव_चिकोडी
ताई नको म्हणाल्यात तरी अमेरिकेतलं एक सांगतोच, कारण हाच वाद तिथे होऊन गेलाय. तिथल्या एएसीए (अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका) या जुन्या संस्थेत प्रत्येक गाडी ४०० गुणांपासून सुरू होते आणि जे चुकलं, तुटलं किंवा मूळचं नाही त्याचे गुण वजा होतात. कसोटी एकच, डीलरच्या शोरूममधून निघाली तेव्हा गाडी कशी होती. त्याहून जास्त चकचकीत केली तर वरचे गुण नाहीत. आणि जी गाडी कधी नव्याने केलीच नाही, मूळ रंग-मूळ सीट राखून आहे, तिला वेगळा विभाग. त्यामुळे फिटरदादा आणि कोल्हापूरकर एकमेकांसमोर येतच नाहीत.

कॅलिफोर्नियातला पेबल बीचचा गाड्यांचा शो १९५० पासून चालू आहे, तिथेही न बदललेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे. तक्ता घेऊ नका, पण विभागणी घ्या.

फियाटवाली_टिळकवाडी
हे उपयोगाचं आहे. वजा करत जायचं म्हणजे परीक्षकाला "का कापले" ते लिहावं लागेल. मला तेच हवंय, कारण विचारल्यावर गेल्या वर्षी कुणीच सांगू शकलं नाही.

पद्मिनी_प्रेमी_हुक्केरी
ताई, तुमच्याकडे १९८४ची पद्मिनी आहे म्हणून विचारतो, कार्ब्युरेटरचं किट कुठून घेता? माझी सकाळी थंडीत सुरूच होत नाही. चोक ओढून पण नाही.

उद्यमबाग_फिटर
@पद्मिनी_प्रेमी, किट नंतर. आधी पॉइंट आणि कंडेन्सर बघा. आणि वेगळा धागा काढा की.

सीमावासी
भाषेचा प्रश्न येतोच कुठे? तक्ता मराठीत, प्रश्न मराठीत. बेळगावात शो आहे, लोक मराठी आहेत. आपणच मागे हटायला लागलो तर कसं?

बैलहोंगल_आना_जाना
मी घरात कन्नड बोलतो, बाजारात मराठी बोलतो, इथे मराठीतच लिहितोय. वरच्या ताईंनी सांगितलेला मेकॅनिक माझ्या ओळखीचा आहे. त्याने इंजिन स्वतः उघडून स्वतः बसवलंय आणि त्याला विचारलं इंग्रजीत. मराठीत विचारलं असतं तरी तो तसाच गप्प राहिला असता. मग पुढच्या वर्षी तो येईल काय?

सीमावासी
तुम्ही विषय भावनिक करताय. माझा मुद्दा हक्काचा आहे. १९५६ पासून आम्ही...

संपादक
सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत. इथे गाड्यांच्या परीक्षणावरच लिहावे. पुढचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

जावा_निपाणी
ते ८००वाले काका आमच्या गल्लीतले. मला हे झालेलं माहीत नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नाही. आत्ता जाऊन विचारून आलो. ते म्हणाले, कप नको होता, पण "बदल" म्हटलं ते लागलं. त्यांची सोय आरसीवर नोंदवलेली आहे, कागद त्या दिवशी सोबत होते, कुणी मागितलेच नाहीत. आणि गाडीतून उतरून बोनेट उघडून दाखवा असा आग्रह होता, तो पण नको म्हणाले. चिखलातून कुबड्या घेऊन किती वेळा ये-जा करणार? तुम्ही उघडा, मी बसून सांगतो, म्हणाले होते, ऐकलं नाही.

टोकनचं मी मागे घेत नाही, पण ते एका वेगळ्या "लोकांची पसंती" कपासाठी ठेवा.

नियमवाचक
आरसीवर नोंद असेल तर प्रश्नच नाही. अपंग व्यक्तीसाठी गाडीत केलेला बदल कायद्याला मान्य आहे, परवानगी घेऊन त्याची नोंद होते. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळं काही करता येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१९चा निकाल आहे, तो रुंद टायर, कापलेला टप असल्या गोष्टींना लागतो. परीक्षकांनी दोन्ही एकाच मापाने मोजलं, हे साफ चूक आहे. तक्त्यात ओळ घाला: अपंगत्वासाठी नोंदवलेल्या सोयीचे गुण कापायचे नाहीत, वाढवायचेही नाहीत.

फियाटवाली_टिळकवाडी
ही ओळ जशीच्या तशी घेते. धन्यवाद. आधीच्या उत्तराबद्दल राग नसावा.

गोवेकर_वेस्पा
आमचंही एक ऐका. आम्ही चोर्ला घाटातून स्कूटर चालवत येतो. तोपर्यंत इंजिनावर धूळ, मडगार्डवर चिखल, हातात कपडा घेईपर्यंत परीक्षक समोर. शेजारची गाडी टेम्पोतून, ताडपत्री घालून आलेली असते. स्वच्छतेचे गुण तिला. जी स्वतःच्या चाकांवर आली तिच्या प्रवासाच्या धुळीचे गुण कापू नका, किंवा परीक्षणाआधी सगळ्यांना सारखा वेळ आणि पाण्याची सोय द्या.

कोल्हापूर_क्लासिक
याला माझा पाठिंबा. मीही चालवतच आणतो, टेम्पोतून नाही. फिटरदादांनी नोंद घ्यावी.

उद्यमबाग_फिटर
घेतली. आता ताई, माझं म्हणणं. परीक्षक पाच ठेवा. प्रत्येक गाडीचा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा सोडून द्या, मधल्या तिघांची सरासरी काढा. एखाद्याने मुद्दाम उचललं किंवा पाडलं तरी फरक पडत नाही. पाचांत निदान दोन असे हवेत ज्यांनी आयुष्यभर हातात पाना धरलाय. उद्यमबागेत, अनगोळात, वडगावात असे मिस्त्री आहेत ज्यांना नुसत्या आवाजावरून टॅपेटची (इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या भागाची) गडबड कळते. त्यांना कुणी बोलावत नाही, कारण त्यांच्याकडे ब्लेझर नाही. एक बाई परीक्षक हवीच, आणि ती बक्षीस वाटायला नको, तक्ता भरायला.

ज्याची गाडी स्पर्धेत, त्याने परीक्षण करायचं नाही. ज्याच्या गॅरेजात ती गाडी तयार झाली त्यानेही त्या गाडीला गुण द्यायचे नाहीत. हे मला पण लागू, मी बाजूला राहीन.

डॉलरवाला_मूळगाव_चिकोडी
आणि कोरा तक्ता प्रवेश अर्जासोबतच द्या. लोकांना आधी कळू दे की कशाला किती गुण आहेत. नंतर भरलेल्या तक्त्याची प्रत मालकाच्या हातात.

कोल्हापूर_क्लासिक
प्रत हातात दिली तर मैदानातच भांडणं लागतील.

डॉलरवाला_मूळगाव_चिकोडी
भांडणं आत्ताही होतात, फक्त पाठीमागे.

फियाटवाली_टिळकवाडी
मंडळी, रात्री बसून मसुदा केला. चारचाकीत तीन वर्ग: मूळ राखलेल्या, नव्याने तयार केलेल्या, मॉडिफाय केलेल्या (कायद्यात बसणाऱ्याच). दुचाकी वेगळ्या, त्यांनाही हेच वर्ग. प्रत्येकी १०० गुण, वजा करत जायचं: बॉडी आणि रंग २५, आतलं काम २०, बोनेटखालचं २०, दिवे-हॉर्न-वायपर चालू आहेत का १५, मूळपणा आणि कागद २०. मॉडिफाय वर्गात शेवटच्या २० गुणांऐवजी कामाची सफाई. कापलेल्या प्रत्येक गुणाचं कारण लिहायचं. प्रवासाच्या धुळीचे गुण कापायचे नाहीत. अपंगत्वाच्या सोयीची ओळ वर आलीय तशी. मालक गाडीत बसून उत्तर देऊ शकतो, बोनेट परीक्षकाने किंवा स्वयंसेवकाने उघडायचं, आणि अशा गाड्यांची जागा सिमेंटच्या कडेला. प्रश्न मालकालाच विचारायचे, ती बाई असली तरी. तक्ता मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत, उत्तर ज्याला जमेल त्या भाषेत. बोलण्याला वेगळे गुण अजिबात नाहीत, बोलता येणं ही गाडीची गुणवत्ता नव्हे.

टोकनाचा कप वेगळा ठेवलाय, @जावा.

कन्नड तक्ता तपासून द्यायला कुणीतरी हवंय. आणि एक अडचण राहिलीच. ज्या एका परीक्षकाची स्वतःची गाडी स्पर्धेत असते ते क्लबातले सगळ्यात जुने सभासद आहेत, क्लब त्यांनीच उभा केला. त्यांना "एक तर परीक्षण, नाही तर स्पर्धा" हे मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं का आधी घरी जाऊन?

बैलहोंगल_आना_जाना
कन्नड मी बघतो, आज रात्रीच पाठवा. टॅपेट, चोक, डिकी हे शब्द तसेच ठेवा, आमच्याकडेही तेच म्हणतात.

उद्यमबाग_फिटर
घरी जाऊन. सगळ्यांसमोर सांगितलं तर त्यांना नाही म्हणणं भाग पडेल. कागद सोबत न्या, त्यांच्याच हातात द्या आणि कुठे काय बदलावं ते त्यांनाच विचारा. हवं तर मी येतो, त्यांच्या गाडीचं क्लचचं काम मीच केलंय. शनिवारी दुपारनंतर मोकळा आहे.

पद्मिनी_प्रेमी_हुक्केरी
फिटरदादा, कंडेन्सर बदलला, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली. शोचा अर्ज कुठे मिळेल? माझी मूळ राखलेल्या वर्गात बसेल का? रंग १९९१चाच आहे, फक्त डाव्या दारावर टचअप केलंय.