आठवी-नववीच्या मुलींसाठी रोबोटिक्स: १२,००० रुपयांत काय घेऊ?

जांबोटीकडची_बाई
नमस्कार. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवते. एका माजी विद्यार्थ्यानं खास मुलींच्या रोबोटिक्ससाठी १२,००० रुपये दिलेत. मुली १४. शाळेत कॉम्प्युटर तीन, त्यातला एक मनात आलं तर सुरू होतो. इंटरनेट नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास मिळतात. बस मुलींना फुकट असली तरी ती थांबत नाही, त्यामुळं उशीर चालणार नाही. मला सोल्डरिंग येतं, प्रोग्रामिंग येत नाही. काय घेऊ? वर एक रुपयाही नाही.

टिळकवाडी_७३
बाई, स्वस्तातलं घेऊन पस्तावू नका. मी मुलाला लेगोचा माइंडस्टॉर्म्स, म्हणजे रोबोट बनवायचा संच, घेतला होता. महाग पडला, पण आजतागायत एक तुकडा तुटला नाही. घ्यायचा तर तोच.

निपाणीकर
टिळकवाडी, लेगोनं माइंडस्टॉर्म्स २०२२ च्या अखेरीस बंद केला. आणि बाईंनी बजेट लिहिलंय, चष्मा लावा की.
बाई, अर्डुइनो उनो हा प्रोग्राम भरायचा छोटा बोर्ड असतो, त्याचे क्लोन, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त नकला घ्या. मोटर ड्रायव्हर (मोटरींना करंट पुरवणारं सर्किट), दोन बीओ मोटरी (छोट्या गिअरच्या), चाकं, चासी (गाडीचा सांगाडा), अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असं सुटं घेतलं की एक गाडी दीड हजाराच्या आसपास बसते. चार संच पुरेत. एक लक्षात ठेवा, क्लोनवर बहुतेक सीएच३४० चिप असते. तिचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये टाकायचं सॉफ्टवेअर, आधीच पेनड्राइव्हवर घेऊन जा. नाहीतर कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही आणि पहिला शनिवार त्यातच जातो. माझा गेला होता.

उद्यमबाग_फाउंड्री
खेळणी कशाला? माझी पोरगी डिप्लोमा करून आमच्याच शॉपमध्ये व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, चालवते. सुरुवातीला ऑपरेटर तिला खुर्ची पुसून द्यायचे, आता मशीनची सेटिंग विचारायला येतात. मुलींना घेऊन या, कास्टिंग येतं तिथपासून मशीनिंग होऊन जातं तिथपर्यंत सगळं दाखवतो. गाडीचं तेवढं तुम्ही बघा.

कॅम्पातला_काका
अर्डुइनोचा क्लोन घ्या. ओरिजिनल नको.

निपाणीकर
काका, तेच लिहिलंय वर.

कॅम्पातला_काका
असू दे, दोघांनी सांगितलं की पटतं. आता माझी फजिती ऐका. नातीच्या गाडीला ती छोटी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली. दुकानदारानंच दिली होती. गाडी दोन हात गेली आणि मेली. परत नवी, परत मेली. चार बॅटऱ्या गेल्यावर कळलं की ती मोटरीला लागतो तेवढा करंट देऊच शकत नाही. त्यात तो एल२९८एन मोटर ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. १८६५० चे (चार्ज होणारे लिथियमचे) दोन सेल होल्डरसकट घ्या, चार्जरही त्याचाच घ्या.

मलप्रभा_काठ
बाई, मी इथंच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सामान कुठलंही घ्या, पण मुलांबरोबर गट करू नका, निदान पहिले दोन महिने. दहावीत आमच्या टीममध्ये चार मुलं आणि आम्ही दोघी होतो. अक्षर चांगलं म्हणून मी चार्ट लिहिला, मैत्रिणीनं भाषण पाठ केलं. बक्षीस मिळालं, फोटोत आम्ही पुढं. रोबोटचा एक स्क्रू मी पिळला नव्हता. नुसत्या मुलींतही तेच होतं बरं का, एक हुशार मुलगी सगळं करते. वायरिंग कोण, कोड कोण, चाचणी कोण, हे दर शनिवारी चिठ्ठ्या टाकून बदला.

टिळकवाडी_७३
वेगळं कशाला बसवायचं? सुधा मूर्ती हुबळीच्या बीव्हीबी इंजिनिअरिंग कॉलेजात वर्गात एकट्याच मुलगी होत्या. झाल्याच ना इंजिनिअर?

मलप्रभा_काठ
काका, त्या झाल्या म्हणून अजून एकेकटीलाच बसवायचं का? आयआयटीतसुद्धा २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढाव्या लागल्या. मुलींचं प्रमाण १४ टक्क्यांवरून २०२० पर्यंत २० टक्के.

उद्यमबाग_फाउंड्री
टक्क्यांवर आलात म्हणजे झालंच. माझ्या पोरीला कुणी टक्के दिले नाहीत.

मलप्रभा_काठ
वडलांचं शॉप दिलं की.

निपाणीकर
🙏 गाडी रुळावर आणा.

चिकोडी_एक्सप्रेस
मायक्रोबिट बघा, तोही शाळकरी मुलांसाठीचा असाच छोटा बोर्ड. कॉम्प्युटरची भानगडच नको, मोबाइलच्या ब्लूटूथवरून प्रोग्राम जातो. बोर्डावरच २५ एलईडी, हलवलं की कळणारा सेन्सर, बटणं. पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी चमकतं, तेवढ्यावर मुली टिकतात. नाहीतर सरळ अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे शाळांत लॅब काढायच्या केंद्राच्या योजनेला अर्ज करा, निवड झाली तर २० लाखांपर्यंत मिळतात.

निपाणीकर
१२,००० विचारलेत, हे २० लाखांवर गेले. पण मोबाइलचं खरंय. अर्डुइनोसुद्धा ओटीजी केबल (मोबाइलला यूएसबी जोडणारी) लावून मोबाइलवरून चालतो.

कॅम्पातला_काका
मोबाइलच बरा. मीपण तेच म्हणणार होतो.

मलप्रभा_काठ
मोबाइलला माझंही मत. आणि इन्स्पायर-मानक या केंद्राच्या विज्ञान योजनेला मुलींच्या कल्पना पाठवा. निवड झाली तर मॉडेल करायला १०,००० मिळतात.

जांबोटीकडची_बाई
सगळ्यांचे आभार. मोबाइलचं वर्गात विचारून आले. १४ पैकी ११ जणींच्या घरी स्मार्टफोन एकच, आणि तो भावाकडे किंवा वडलांबरोबर कामावर. एक म्हणाली, "टीचर, रविवारी मिळतो, पण चार्जिंगला लावायला." माझा एक फोन दिला तर १४ डोकी एकावर एक.
म्हणून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, ७,२०० ला.

निपाणीकर
अहो बाई! त्यात चार संच आले असते.

चिकोडी_एक्सप्रेस
जुना लॅपटॉप म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं.

कॅम्पातला_काका
विचारलं कशाला मग?

जांबोटीकडची_बाई
काका, तुमच्यामुळं १८६५० चे सेल आणले ना. बोर्ड तीन, गाडी एकच. उरलेल्या दोन बोर्डांवर अल्ट्रासॉनिक लावून टाकी भरल्याचा बझर करायचाय, कारण शाळेची टाकी रोज वाहते आणि ओरडा शिपाईमामांना बसतो. ही कल्पना मुलींचीच. सीएच३४० चा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नेला होता, बोर्ड लगेच दिसला. चिठ्ठ्याही टाकल्या. वायरिंगची चिठ्ठी आलेली मुलगी रडवेली झाली, तिला कोड हवा होता. दोन तासांनी ती वायर सोडेना, बस चुकता चुकता राहिली.
उद्यमबागवाले दादा, तुमच्या मुलीलाच एका शनिवारी इकडं पाठवा की, गाडीचं बघते.
आता अडचण एकच. आमच्याकडं पावसात लाइट जाते आणि लॅपटॉपची बॅटरी ४० मिनिटं टिकते. कुणाकडं जुना यूपीएस पडून आहे का?

उद्यमबाग_फाउंड्री
पोरगी हो म्हणाली. गाडी नको, ती स्वतःच्या स्कूटरवर येते.

टिळकवाडी_७३
यूपीएस आहे माझ्याकडं, घेऊन जा. लेगोचं मात्र एकदा बघाच.