मदत हवी आहे: मॅकवर मेन्यूतली ओळ गायब, प्रिंटची उजवी बाजू कापली जाते (तातडीचं)

उंबरठा_४०२ | रविवार, रात्री ११:१८
मंडळी, आमच्या बोरिवलीच्या सोसायटीसाठी (११२ फ्लॅट) मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर मीच लिहून दिलंय, फुकटात. दोन वर्षं विनातक्रार चाललं. आता नवे खजिनदार आले, त्यांच्याकडे मॅक. त्यावर टाकलं तर 'सेटअप बिल हेड्स' दिसतच नाही आणि प्रिंट काढली की रकमेचा कॉलम पानाबाहेर. विंडोजवर तोच कोड, एक ओळ बदललेली नाही. एक तारखेला बिलं दारात पडली नाहीत तर सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये गाठतो. लवकर सांगा.

टिंबटिंब | ११:३१
कशात लिहिलंय?

उंबरठा_४०२ | ११:३३
पायथन. त्याने काय फरक पडतो? कोड चालतोय, फक्त मेन्यू आणि प्रिंटचा घोळ आहे.

टिंबटिंब | ११:३९
पायथन ही भाषा झाली. खिडक्या आणि मेन्यू काढणारी लायब्ररी कोणती, टीकेइंटर, डब्ल्यूएक्स की क्यूटी? फरक तिथेच पडतो. आणि मेन्यू गायब म्हणजे अख्खी पट्टी की एकच ओळ? मॅकवर पट्टी खिडकीत नसते, स्क्रीनच्या अगदी वर असते. तिथे बघितलंत ना?

उंबरठा_४०२ | ११:४४
पायसाईड ६, म्हणजे क्यूटी. वर बघितलं हो, इतकाही अडाणी नाही. फाईल, बिल्स, रिपोर्ट्स सगळे आहेत. बिल्समधली तेवढी एक ओळ नाही.

तिखट_शेव | ११:५०
ह्या भानगडीत पडायचंच कशाला? इलेक्ट्रॉनमध्ये लिहा. बिल म्हणजे एचटीएमएलचं पान, प्रिंट म्हणजे ब्राउझरची प्रिंट. मी तीन क्लायंटना असंच दिलंय, एकाचीही तक्रार नाही.

गच्चीवरचा_अँटेना | ११:५६
११२ बिलांसाठी अख्खा क्रोमियम ब्राउझर बरोबर न्यायचा? शिवाय तिथेही मॅकचा मेन्यू सोडत नाही. स्वतःचा मेन्यू लावताना 'एडिट' गाळलास तर मॅकवर कमांड-सी आणि कमांड-व्ही चालेनासं होतं. तुझे तिघे बहुतेक विंडोजवाले असतील.

तिखट_शेव | सोमवार, १२:०२
दोघे विंडोज. तिसऱ्याला विचारतो.

फॉक्सप्रो_काका | सकाळी ६:४०
आम्ही फोर्टात फॉक्सप्रोवर बिलं काढायचो. १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स, सलग कागद. प्रिंटरला कॅरॅक्टर १५ पाठवला की अक्षर बारीक, १८ पाठवला की पूर्ववत. रक्कम कधी पानाबाहेर गेली नाही, कारण कॉलम मोजलेले असायचे. आजची पोरं मोजतच नाहीत.

गच्चीवरचा_अँटेना | ७:१५
काका, आणि नावं मराठीत छापायची तर?

फॉक्सप्रो_काका | ७:२२
त्यासाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड लागायचं. ते साहेबांच्या मशीनमध्ये होतं. आमची बिलं इंग्रजीत.

हिशेबनीस_ताई | ८:०५
मासिक मेंटेनन्स सभासदामागे ७,५०० च्या वर आहे का? असेल आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे असेल तर १८ टक्के जीएसटीचा कॉलम लागेल. आधी ते बघा. आणि पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो.

उंबरठा_४०२ | ८:३०
ताई, आमचं ४,२०० आहे. आणि हे बिल आहे, पावती नाही. कोणी मेन्यूचं सांगेल का? चर्चगेट फास्ट पकडायची आहे.

रात्रपाळी | ९:१०
प्रिंटचं सोपं आहे. क्यूप्रिंटर (क्यूटीचा छपाईचा भाग) बनवताना 'हायरेझोल्यूशन' मोड द्या. मॅकला रेटिना स्क्रीन असते, त्यामुळे हे होतं.

उंबरठा_४०२ | रात्री ९:४८
रात्रपाळी, तुमचं ऐकून बघितलं. आता अख्खं बिल डाव्या वरच्या कोपऱ्यात, अक्षरांवर अक्षरं. दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता माणसं असतात तशी.
हो, एक सांगायचं राहिलं. ॲप दोन भाषांत आहे. मॅकवर भाषा मराठी करून पुन्हा चालू केलं तर ती गायब ओळ ('बिलाची शीर्षकं ठरवा') दिसते. इंग्रजी केलं की जाते.

टिंबटिंब | १०:०३
अहो, हे काल का नाही सांगितलंत! सगळं उत्तर ह्यातच आहे.
मॅकवर क्यूटी मेन्यूतल्या ओळीचं नाव वाचून अंदाज बांधतं. नाव सेटअप, सेटिंग, कॉन्फिग, ऑप्शन्स, प्रेफरन्स असल्या शब्दाने सुरू झालं की ही ॲपची प्रेफरन्सेस असणार असं धरून ती ओळ उचलून ॲपच्या नावाच्या मेन्यूत ठेवतं. अबाऊट आणि क्विट, एक्झिटचंही तेच. मॅकवाल्यांना त्या गोष्टी तिथेच शोधायची सवय, म्हणून ही सोय. तुमचं 'सेटअप बिल हेड्स' त्यात सापडलं. मराठी नाव ह्या यादीत बसत नाही, म्हणून वाचलं.
ॲपच्या मेन्यूत प्रेफरन्सेस दिसतंय का? क्लिक करा, बिल हेड्सच उघडतील.

उंबरठा_४०२ | १०:११
ॲपच्या नावाचा मेन्यूच नाही. 'पायथन' लिहिलेला एक आहे. तो पायथनचा असेल म्हणून उघडला नव्हता.
...
उघडला. आहे. आईशप्पथ.

टिंबटिंब | १०:१५
ॲप पॅकेज न करता थेट चालवलं की तिथे पायथन दिसतं. आता त्या ओळीच्या क्यूॲक्शनला (कोडमध्ये ती ओळ जिथे बनते) मेन्यू रोल 'नो रोल' द्या, म्हणजे क्यूटी हात लावणार नाही.

उंबरठा_४०२ | १०:४०
दिला. फरक शून्य.

टिंबटिंब | १०:४४
कुठे दिलात? मेन्यूत टाकल्यावर की आधी?

उंबरठा_४०२ | १०:५२
नंतर. आता आधी दिला. आली परत!! प्रिंटचं?

टिंबटिंब | ११:०५
प्रिंटरचं रेझोल्यूशन, म्हणजे इंचाला ठिपके, किती सांगतं? तुमच्या जुन्या मोडमध्ये, दोन्ही मशीनवर. आणि रक्कम किती एक्सवर, म्हणजे डावीकडून किती अंतरावर, लिहिता?

उंबरठा_४०२ | ११:१९
विंडोज ९६, मॅक ७२. हायरेझोल्यूशनला ६००. रक्कम एक्स = ७०० वर. दोन वर्षं ७०० वरच आहे.

टिंबटिंब | ११:३४
म्हणजे तुम्ही ठिपके मोजताय, कागद नाही. ९६ च्या हिशेबाने ७०० ठिपके म्हणजे १८५ मिमी, कागदात बसतात. ७२ ने तेच ७०० म्हणजे २४७ मिमी, आणि ए-फोर आहे २१० रुंद. रक्कम टेबलावर छापली जातेय म्हणा. ६०० ला ७०० म्हणजे जेमतेम ३० मिमी, म्हणून तुमचा दादरचा पूल. फाँट पॉइंटात असल्याने अक्षरांचं माप तिन्हीकडे तेच राहतं, फक्त जागा बदलतात. रेटिनाचा ह्यात काही संबंध नाही.
सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहा आणि काढताना मिमी गुणिले रेझोल्यूशन भागिले २५.४ करा. हायरेझोल्यूशन ठेवलंत तरी चालेल. कागद ए-फोर आहे हे कोडमध्ये स्पष्ट सांगा, मशीनवर सोडू नका, कुठेतरी लेटर (अमेरिकी मापाचा कागद) निघतो. आणि तपासताना पीडीएफ काढा, कागद कशाला नासता.

फॉक्सप्रो_काका | ११:४०
मी सकाळी काय म्हणालो? मोजा.

तिखट_शेव | ११:४६
सीएसएसमध्ये मिमी थेट लिहिता येतं.

गच्चीवरचा_अँटेना | ११:४७
तुझ्या तिसऱ्या क्लायंटचं काय झालं?

शिरोरेखा | मंगळवार, १२:१०
फाँट कोणता आहे हे कोणीच विचारलं नाही. मंगल असेल तर मॅकबरोबर तो येत नाही. क्यूटी दुसरा उचलेल, जोडाक्षरांची रुंदी बदलेल आणि लांब आडनावं पुढच्या कॉलमात घुसतील. फाँट ॲपबरोबरच द्या. मुक्ता घ्या, आपल्या मुंबईच्या एक टाइपचा आहे, मुक्त परवान्याचा. फाईल बरोबर ठेवून ॲप सुरू होताना लोड करायची. बाकी पावत्यांवर ल आणि श हिंदी वळणाचे बघून मला त्रास होतो, पण तो वेगळा विषय.

गच्चीवरचा_अँटेना | १२:१४
वेगळा विषय म्हणत तुम्ही तो प्रत्येक धाग्यावर काढता.

शिरोरेखा | १२:१६
कारण प्रत्येक धाग्यावर ल चुकलेला असतो.

उंबरठा_४०२ | रात्री १०:२२
झालं. मिमीमध्ये केलं, मुक्ता टाकला. दोन्ही मशीनच्या पीडीएफ एकावर एक ठेवून बघितल्या, रेघ रेघेवर बसते. फक्त मराठीत 'बाहेर पडा' फाईलमध्ये आहे आणि त्या पायथन मेन्यूत 'क्विट' वेगळं आहे. खजिनदार विचारतात, दोन दारं कशाला?

टिंबटिंब | १०:३०
तोच अंदाज, उलट बाजूने. 'बाहेर पडा' हे क्विट आहे हे क्यूटीला कळलं नाही. त्या ओळीला 'क्विट रोल' द्या, मेन्यूत टाकायच्या आधी. विंडोजवर ती फाईलमध्येच राहील.

उंबरठा_४०२ | १०:४१
लागलं. टिंबटिंब, बोरिवलीला आलात तर वडापाव माझ्याकडून.

हिशेबनीस_ताई | १०:५५
बिलं झाली. पावत्या ह्याच ॲपमधून काढणार ना? कोणी दोन महिन्यांचे एकदम भरले तर ८,४०० होतात. स्टॅम्पला जागा ठेवलीय का?

उंबरठा_४०२ | ११:०२
किती मिमी लागते?