मदत हवी आहे: स्टिअरिंगचा रबरी कपलर ठाण्यात कुठे मिळेल? (अर्जंट)

तीनहातनाका
जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे. स्टिअरिंग दोन-अडीच इंच मोकळं फिरतं, मग कुठे चाकं हलायला लागतात. कपलर (स्टिअरिंगचा दांडा खालच्या यंत्रणेला जोडणारा तुकडा) गेलाय असं मेकॅनिक म्हणाला, तेव्हा त्यावर चर्चा नको. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे मिळेल तेवढं सांगा. रविवारी गाडी बाहेर काढायची आहे.

पाना_अर्धा_इंची
गाडी कोणती? साल? मॉडेल? एवढ्या माहितीवर कुणीच पार्ट सांगू शकणार नाही.

तीनहातनाका
ट्रायम्फ स्पिटफायर, राइट हॅण्ड. आता सांगा.

पाना_अर्धा_इंची
स्पिटफायर १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघाली. मार्क (आवृत्ती) कितवा? आणि हॉर्न वाजतो का?

तीनहातनाका
मार्क थ्री, १९६८. हॉर्नचा इथे काय संबंध? तो वळणावर कधीतरी वाजतो, सरळ असताना नाही. तो नंतर बघू.

रबाळे_टर्नर
साहेब, बाहेरून मागवायच्या भानगडीत पडू नका. कन्व्हेयर बेल्टचं कापड घातलेलं १० मिमी रबर घ्या, जुन्या कपलरवरून छाप काढा, चार भोकं पाडा. रबाळे किंवा वागळे इस्टेटमध्ये तासाभराचं काम. टिकतं.

गायमुख_घाट
टर्नर भाऊ, स्टिअरिंगला हे सांगू नका. बेल्टमधले कापडाचे थर पट्टा लांबीत ओढला जावा म्हणून घातलेले असतात. कपलरला पीळ बसतो, तोही दोन्ही बाजूंनी आळीपाळीने. भोकाच्या कडेपासून थर सुटायला लागतात आणि वरून काही दिसत नाही. पाण्याच्या पंपाला चालेल. इथे तुटला तर हातात नुसतं स्टिअरिंग उरतं.

रबाळे_टर्नर
मग सॉलिड करून टाका, ईएन८ पोलादाचा गोळा. रबरच नको.

गायमुख_घाट
कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) आणि रॅकचा (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) पिनिअन (तिला सरकवणारं दातेरी चाक) कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात. तो फरक रबर पोटात घेतं. सॉलिड केलं की तो ताण पिनिअनच्या बेअरिंगवर आणि कॉलमच्या बुशवर जातो. शिवाय घोडबंदर रोडचा एकेक खड्डा मनगटात लागेल.

पाना_अर्धा_इंची
@तीनहातनाका, हॉर्नचा संबंध आहे, आणि तोच खरा पुरावा आहे. या गाडीत हॉर्नचं बटण अर्थिंग देतं (म्हणजे विजेला गाडीच्या लोखंडाशी जोडतं), आणि ते अर्थिंग स्टिअरिंग कॉलममधून खाली रॅकपर्यंत जातं. मध्ये कपलरचं रबर, म्हणजे तिथे वीज अडते. म्हणून कपलरच्या वरच्या लोखंडापासून खालच्या लोखंडापर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारेची छोटी पट्टी असते. ती तुटली की हॉर्न बंद. तुमचा मात्र वळताना वाजतो. म्हणजे पट्टी तुटली आहे, आणि रबर इतकं झिजलंय की पीळ बसला की लोखंड लोखंडाला टेकतं. कपलर गेलाय यात मला आता शंका नाही. पण तो एकटाच गेलाय का, हे बघायला हवं.

बॉनेट पुढे उलटं उघडा. सगळं पुढचं तोंडच वर जातं, टायरवर बसून कपलर समोर दिसतो. चाकं जमिनीवरच राहू द्या, जॅक नको. एकाने स्टिअरिंग डावं-उजवं हलवायचं, फक्त मोकळ्या भागात. दुसऱ्याने आधी कपलर बघायचा: वरचा भाग हलतो आणि खालचा थांबतो का. मग रॅकची नळी बघायची. ती स्वतःच आडवी सरकत असेल तर रॅकचे रबरी माउंट गेले. इंजिनाचं ऑईल पडून ते लोण्यासारखे मऊ होतात. रॅक जागेवर आहे आणि टाय रॉड (रॅक चाकाला जोडणारी दांडी) हलतो, पण चाक नाही, तर टाय रॉड एंड. अडीच इंच प्ले (मोकळं फिरणं) एकट्या कपलरचा असणं अवघड आहे.

उपवन_व्हिंटेज
१९६८ म्हणजे ५० वर्षांच्या वर. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी होऊ शकते, नंबरात ‘व्हीए’ येतं. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणून सॉलिड कपलर वगैरे करू नका.

तीनहातनाका
नोंदणी झालेली आहे. पार्ट कुठे मिळेल?

हेराल्डवाला_वाशी
स्पिटफायर ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या चासीवरून बेतलेली आहे आणि स्टँडर्ड हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनत होती. त्यामुळे हेराल्डचा कपलर विचारा. ऑपेरा हाऊसच्या जुन्या स्पेअरवाल्यांकडे आणि कुर्ल्याला फिरा, जुना पार्ट हातात घेऊन जा. पिनिअनचे स्प्लाइन (दांड्यावरचे दाते) दुकानातच बसवून बघा.

एक सांगतो: खोक्यातला ‘कोरा’ माल दिसला तरी हुरळून जाऊ नका. लोखंडाला काही होत नाही, रबराला होतं. पन्नास वर्षं खोक्यात पडलेलं रबर न वापरताच कडक झालेलं असतं. अंगठ्याच्या नखाने दाबा. नख उमटून परत भरून आलं तर ठीक. बारीक भेगा दिसल्या तर सोडून द्या.

गायमुख_घाट
म्हणूनच मी म्हणतो, लोखंडी भाग जुनेच ठेवा आणि पॉलियुरेथेनचे बुश इंग्लंडहून मागवा. ऑईलने सडत नाहीत. रविवारपर्यंत येणार नाहीत, पण तोवर ही गाडी चालवूही नका.

हेराल्डवाला_वाशी
पॉली कडक असतं, मूळ रबराइतका मऊपणा नाही. मला नवं रबरच पसंत. पण बेल्टच्या तुकड्यापेक्षा पॉली शंभर पटीने बरं.

तीनहातनाका
तुम्ही म्हणालात तसं बघितलं. कपलरखाली चासीवर काळी भुकटी पडली आहे. अर्थची पट्टी एका टोकाला तुटून हिरवी झाली आहे. आणि रॅकसुद्धा बोटभर सरकतो. माउंट पण मागवतो, रविवार रद्द. बदलायचं कसं ते सांगा, १३ चा पाना बोल्टला लागतोय पण निसटतो.

पाना_अर्धा_इंची
१३ चा पाना आधी बाजूला ठेवा. बोल्ट ५/१६ यूएनएफ (इंची बारीक आट्याचे) आहेत, डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. १३ चा लावला की कोपरे गोल होतात. अर्धा इंच एएफ (डोक्याच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं माप) रिंग पाना घ्या, आदल्या रात्री गंजावर तेल मारून ठेवा.

पुढची चाकं सरळ करा. पिनिअन, कपलर आणि कॉलम तिन्हीवर पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. बॅटरीची अर्थ वायर काढा. पिनिअनवरचा पिंच बोल्ट (कपलर शाफ्टवर आवळणारा) नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढा. तो शाफ्टच्या खाचेत बसलेला असतो; तसाच ठेवून हातोडी मारली तर खाच आणि बोल्ट दोन्ही खराब. वरचाही तसाच. मग आत डॅशखाली कॉलमचा क्लॅम्प: आधी लॉकनट, मग ॲलन स्क्रू, मग क्लॅम्पचे बोल्ट ढिले करा. कॉलम आतल्या बाजूला इंचभर ओढा, कपलर मोकळा होतो.

बसवताना नवे हाय टेन्साइल बोल्ट आणि नायलॉक नट, यूएनएफचेच. दुकानदार ८ मिमीचा देईल. तो दिसायला सारखा, पण त्याचा आटा १.२५ मिमीचा आणि हा इंचाला २४, म्हणजे १.०६. दोन आटे चढून अडकतो आणि बसला असं वाटतं. वर क्लॅम्पचे बोल्ट आधी आवळा, मग ॲलन स्क्रू, शेवटी लॉकनट. तो स्क्रू विसरलात तर ब्रेक मारताना स्टिअरिंग हाताखाली सरकेल.

अर्थची पट्टी नवीन घाला, दोन्ही टोकांचा रंग खरवडून. रॅकही रबरावर बसलेला आहे, तेव्हा रॅकपासून चासीला वेगळी वायर द्या. मल्टीमीटरने कॉलम ते चासी शून्याजवळ ओहम यायला हवेत.

कोपरी_९०नंबर
पुढचं उघडलंच आहे तर खालच्या ट्रनिअनकडे (चाक ज्यावर वळतं तो आट्याचा सांधा) बघा. तिथे ९० नंबरचं गिअर ऑईल लागतं. आपल्याकडचे गॅरेजवाले निप्पल दिसलं की ग्रीस मारतात. ग्रीस आट्यापर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, व्हर्टिकल लिंक (चाक धरणारा उभा दांडा) गंजते आणि एक दिवस तुटून चाक आडवं पडतं. ऑईल वरून पाझरेपर्यंत भरा. कुणी विचारलं नाही, पण हे कपलरइतकंच महत्त्वाचं आहे.

तीनहातनाका
पार्ट आले, बसवले. पॉली घातले. प्ले गेला, हॉर्न सरळ असतानाही वाजतो. पण स्टिअरिंग थोडं उजवीकडे तिरकं राहतं आणि डावा इंडिकेटर वळण संपलं तरी बंद होत नाही. टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करू का?

पाना_अर्धा_इंची
नको. स्प्लाइन एक दात चुकलाय. टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ दिसेल, पण रॅक मध्यावर राहणार नाही आणि गाडी एका बाजूला कमी वळेल. पेंटची रेघ जुळते का बघा. माउंट बदलताना रॅक काढला होता ना, पिनिअन तेव्हाच फिरला असेल. लॉक टू लॉक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) फेरे मोजा, बरोबर निम्म्यावर आणा, खालचा पिंच बोल्ट पूर्ण काढा आणि एक दात मागे घ्या. इंडिकेटरही आपोआप जागेवर येईल.

तीनहातनाका
रेघ एक दात बाजूला आहे. उद्या सकाळी काढतो.

कोपरी_९०नंबर
ट्रनिअनमध्ये ऑईल घातलं का?