हळदीचा डाग : कशिद्यालगतचा पिवळेपणा कसा काढावा?

मदत हवी आहे. पांढऱ्या सुती झब्ब्यावर आमटी सांडली. आधी तेलकटपणा जावा म्हणून भांड्यांचं लिक्विड १५ मिनिटं लावून गार पाण्याने धुतलं. कपड्याच्या साबणाने डाग लालभडक झाला. हळद क्षारात लाल होतेच, लिंबू पिळताच परत पिवळी झाली. मग ओलाच झब्बा दोन दिवस कडक उन्हात. छातीवरचा डाग पार उडाला, हळदीला उन्हासारखं औषध नाही!

पण गळ्याच्या दुमडीत, निळ्या कशिद्यालगत, नखाएवढा पिवळा ठिपका उरलाय. तिथे ऊन पोचत नाही. क्लोरीनच्या ब्लीचने निळा दोराही उडेल. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाच्या बोळ्याने लावलं तर दोरा टिकेल का? किती मिनिटं ठेवावं? की शिवण उसवून ऊनच द्यावं? उष्णतेने डाग पक्का बसतो, म्हणून इस्त्री अजून फिरवलेली नाही.